तीनदा दार बंद

टॉर्चबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नव्हतं, आणि त्याचं त्यांनाही काही वाटत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले. जिन्याखालचे, संडासाच्या दारामागचे, कोळ्यांनी जाळी विणलेले, कुत्र्यांनी राखण केलेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी निळ्या कोटाच्या डाव्या खिशात टॉर्च असायचाच. भर दुपारी भाजी आणायला निघाल्या तरी असायचा. कुणी हसलं तर म्हणायच्या, "उजेड आपला आपण न्यावा. दुसऱ्याच्या उजेडात त्याला दाखवायचं असतं तेवढंच दिसतं."

मीटर वाचायची त्यांची पद्धत खात्यात प्रसिद्ध होती. बाकीचे लोक आकडा टिपायचे आणि पुढे सटकायचे. या आधी चकती बघायच्या. जुन्या मीटरात काचेमागे एक पातळ चकती फिरते, तिच्या कडेवर काळी खूण असते. घरातले दिवे, पंखे, सगळं बंद करायला लावायच्या, त्या खुणेवर टॉर्च रोखायच्या आणि मनात तीसपर्यंत मोजायच्या. सगळं बंद असूनही खूण सरकत असली, तर वीज भिंतीत कुठेतरी झिरपतेय हे पक्कं. "आकडा शेजारीणसुद्धा सांगेल, चकती स्वतः बघावी लागते," हे त्यांचं वाक्य नव्या पोरांना पाठ झालं होतं. घराला कुलूप असलं तर वहीत दोनच शब्द लिहायचे, 'दार बंद'. अंदाजानं आकडा टाकायचा नाही, साहेबांनी डोळे वटारले तरी टाकायचा नाही.

अशा बाईसमोर कंपनीनं सहीसाठी कागद ठेवला. याला हात दाखवून अवलक्षण नाही तर दुसरं काय म्हणायचं?

त्याचं असं झालं. नदीपलीकडच्या माळावर दोन वर्षांपूर्वी एक इमारत उभी राहिली. लांबून बघितली तर साबणाची प्रचंड वडी, आणि एवढ्या मोठ्या अंगाला एक खिडकी नाही. डेटा सेंटर. आत माणसं मोजकी आणि यंत्रं भरमसाट. जगभरच्या लोकांचे फोटो, पत्रं, गप्पा सगळं तिथं ठेवलेलं, आणि माणसासारखं बोलणाऱ्या नव्या यंत्रांचं डोकंही म्हणे तिथंच. गल्लीनं तिचं बारसं केलं, 'बिनखिडकी'. बिनखिडकी सुरू झाली त्या उन्हाळ्यापासून गल्लीची वीज दुपारी एक ते तीन जायला लागली. कंपनी म्हणायची, दुरुस्ती चालू आहे. आता दोन वर्षं रोज नेमानं दोन तास चालणारी दुरुस्ती कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं. बिनखिडकीचे पंखे मात्र त्याच दोन तासांत असे घरघरत, की नदीच्या अलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना ऐकू जायचे.

सर्वांत जास्त हाल कडकभाऊंचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं दुकान. नाव पडलं ते त्यांच्या इस्त्रीमुळं की स्वभावामुळं, यावर गल्लीत दोन पक्ष होते. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, तळव्यापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेली. बावीस वर्षांपूर्वी दुकानाला आग लागली होती, तेव्हाची ती खूण. तरी त्याच हातानं ते अशी इस्त्री फिरवायचे, की कोट हँगरवर नाही, माणसाच्या अंगात आहे असं वाटावं. दुपारी वीज गेली की इस्त्री उभी करून ठेवायचे, खुर्ची बाहेर टाकायचे आणि माळाकडं तोंड करून बसायचे.

"काय बघताय?" बाई विचारायच्या.

"आपली वीज बघतोय. तिकडं गेलीय, मजेत आहे," ते म्हणायचे.

या दुपारच्या विजेवरून भांडायलाच बाई कंपनीच्या ग्राहक सभेला गेल्या होत्या. तिथं ग्राहक प्रतिनिधीची जागा दीड वर्ष रिकामी होती. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटलेला बघून करार विभागाचे साहेब चेष्टेनं म्हणाले, "मग तुम्हीच का होत नाही प्रतिनिधी?"

"होते की," बाई म्हणाल्या.

समोरच्या बाकांवरून टाळ्या पडल्या आणि साहेबांची चेष्टा त्यांच्याच गळ्यात आली. कारण नियम असा होता, की मोठ्या ग्राहकाशी होणारा वीज करार नियामक आयोगापुढं मंजुरीला जाण्याआधी ग्राहक प्रतिनिधीनं त्यावर 'करार पाहिला' असं लिहून सही करायची. मंजूर करायचा की नाही ते आयोग बघेल. प्रतिनिधीनं फक्त पाहायचं. पण ती सही नसली तर आयोग पुढं सरकू शकत नाही. इतकी वर्षं ही अट कुणाला टोचली नव्हती, कारण आधीचे प्रतिनिधी चहा प्यायचे, सही करायचे आणि बिस्किटाचा उरलेला पुडा खिशात घालून घरी जायचे.

आणि आता, दोन वर्षं तात्पुरत्या परवानगीवर चाललेल्या बिनखिडकीचा कायमचा करार आला होता, पंचवीस वर्षांचा.

साहेबांनी तो तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत बाईंपुढं ठेवला. चौसष्ट पानं. बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि थांबल्या. ओळींवर जाड काळे पट्टे. एखाद्या पानावर 'आणि', 'किंवा', 'तथापि' एवढेच शब्द जिवंत राहिलेले. बाई पान पान उलटत चौदाव्या कलमापर्यंत आल्या. त्याचं शीर्षक तेवढं उघडं होतं: 'तुटवड्याच्या काळात पुरवठा कमी करण्याचा क्रम'. त्याखाली पानभर काळंच.

"हे काय?"

"गोपनीय आहे, बाई. व्यापारी माहिती असते. दर असतात, अटी असतात."

"दर झाका हवं तर. वीज कमी पडली की कुणाची आधी तोडणार, ही कसली व्यापारी माहिती? ज्याची तोडणार त्याला तरी कळायला हवं ना?"

साहेब हसले. त्यांचं हसू चांगलं होतं, फक्त ते कशावरही येई. "तुम्ही आमच्याच खात्यातल्या. तुम्हाला काय सांगायचं? एवढी सही करा. खाली जागा आहे."

बाईंनी पेन काढलं. साहेबांनी सहीचं पान पुढं सरकवलं. सहीच्या चौकटीच्या बाजूला शेऱ्याचा रकाना होता, तिथं बाईंनी तारीख घातली, घड्याळात बघून वेळ घातली आणि लिहिलं, 'दार बंद'.

"हे काय लिहिलंत?"

"वाचता येतं ना तुम्हाला? माझं तरी झाकलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या वेळी त्यांनी रीतसर अर्ज केला, की करार पूर्ण दाखवावा. उत्तर आलं, गुरुवारी अकराला या. बाई कोट इस्त्री करून घेऊन पावणेअकराला हजर. साहेबांनी कपाटातून जाडजूड फाइल काढली, टेबलाच्या पलीकडूनच दोन्ही हातांनी उंच धरली, आणि म्हणाले, "हा बघा मूळ करार, काळे पट्टे नसलेला. पाहिलात?"

"पाठ पाहिली. पोट उघडा."

"ते कायद्यानं जमत नाही. पण पाहिलात तर खरं ना तुम्ही? नियमात 'पाहिला' एवढंच आहे, 'वाचला' असं कुठंय?"

एकतीस वर्षांत बाईंना मीटरावर गोणपाट टाकणारे भेटले होते, मीटरापुढं कपाट सरकवणारे भेटले होते, एका बाईनं तर मीटर आजारी सासऱ्यांच्या खोलीत आहे म्हणून आतच सोडलं नव्हतं. पण मीटर पाठमोरा धरून 'बघा' म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी सहीचं पान पुढं ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात दुसऱ्यांदा लिहिलं, 'दार बंद'.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला पडदा ओढला, सोबत मिळालेल्या प्रतीतलं चौदाव्या कलमाचं पान डोळ्यांसमोर उभं धरलं आणि मागून टॉर्च लावला. काळ्या शाईखालून छापील अक्षर दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ही प्रत झेरॉक्सची. काळ्यापलीकडं काळंच.

"हुशार आहेत मेले," बाई पुटपुटल्या. नेमके तेव्हाच चिरंजीव आत आले.

चिरंजीव बत्तीस वर्षांचे, बिनखिडकीतच कंत्राटावर होते. यंत्रं तापू नयेत म्हणून जी थंड हवा सोडतात तिच्या मशिनांची देखभाल त्यांच्याकडं. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की होणार होती. गळ्यात कार्ड होतं, ते टेकवलं की आतली दारं उघडायची. त्या दिवशी कार्ड काढून टेबलावर टाकत ते म्हणाले, "आई, आज मॅनेजरनं मला बोलावलं. माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. विचारतात काय, तर आईची तब्येत कशी आहे."

"मग सांगायचंस, ठणठणीत."

"थट्टा नको. एक सही आहे, आई. तू हो म्हणालीस काय, नाही म्हणालीस काय, करार आयोगच ठरवणार. तुला मान्य कर म्हणत नाहीयेत ते. पाहिला एवढंच लिही."

"पाहिला नाही मी."

"अगं, मीटर वाचणारेही दार बंद असलं की सरासरी लिहितातच ना? सगळं जग तसंच चालतं. कुणाचं काय बिघडतं त्यानं?"

बाईंनी टॉर्च बंद केला. कुणाचं काय बिघडतं, हे त्यांना बावीस वर्षं ठाऊक होतं, आणि ते त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तो बिचारा ते न ऐकताच गेला.

बावीस वर्षांपूर्वी बाई आजच्यासारख्या नव्हत्या. त्या साली नवा साहेब आला होता, त्याचं फर्मान होतं की शंभरात पाचापेक्षा जास्त 'दार बंद' आलेले चालणार नाहीत. कडकभाऊ तेव्हा भावाच्या आजारपणासाठी परगावी गेले होते, दुकानाचं शटर तीन महिने खाली. बाईंनी विचार केला, बंद दुकानात वीज ती काय जळणार? आणि तीन महिने शटरबाहेरूनच जरासा आकडा वाढवून लिहिला. रकान्यात लिहिलं, 'पाहिले'. नियमानं तीनदा 'दार बंद' लिहिलं असतं, तर तिसऱ्याच वेळी दारावर चोवीस तासांची नोटीस लागली असती आणि खांबावरून वीज तोडली गेली असती. तशी ती तोडली गेली नाही. बंद दुकानात, ओल आलेल्या भिंतीत, ती तीन महिने झिरपत राहिली. चकती फिरत होती, बघायला कुणी नव्हतं. कडकभाऊ परत आले, शटर वर केलं, धूर बघितला आणि मेन स्विच पाडायला हात घातला.

चौकशी झाली. कंपनीनं वही दाखवली, बघा, आमच्या माणसानं दर महिन्याला मीटर पाहिलाय, सगळं ठीक होतं, दोष यांच्याच वायरिंगचा. कडकभाऊंना भरपाईचा छदामही मिळाला नाही. उलट गल्लीत बोललं गेलं, की जास्तीच्या इस्त्र्या लावल्या असतील, हावरटपणा नडला. बाई तेव्हा चौकशीच्या खोलीत बसल्या होत्या, आणि गप्प बसल्या होत्या.

टॉर्च त्यानंतर आला. चकती त्यानंतर आली. 'पाहिलं नाही ते लिहिणार नाही' हेही त्यानंतरचंच. लोक त्यांच्या सचोटीचं कौतुक करत आणि कडकभाऊ त्यात सर्वांत पुढं असत. आठवड्याला कोट इस्त्री करून देताना म्हणत, "खात्यात एक तुम्हीच सरळ निघालात, बाई." तो कोट अंगात घालताना बाईंना दर वेळी काय वाटत असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

"बिघडतं," बाई मुलाला शेवटी एवढंच म्हणाल्या. "तू जेवून घे."

सुनावणी सकाळी अकराची होती, सरकारी सभागृहात, लोकांसाठी खुली. एरवी अशा सुनावण्यांना पंख्याखाली झोपायला येणारे चार जण असतात. त्या दिवशी गल्ली लोटली होती. कडकभाऊंनी दुकान बंद ठेवून तिसऱ्या रांगेत जागा धरली होती. चिरंजीव मागं दाराशी उभे होते, कार्ड शर्टाच्या आत घालून. मंचावर आयोगाच्या अध्यक्षबाई, कृश, पांढऱ्या केसांच्या, दर पाच मिनिटांनी पाण्याचा घोट घेणाऱ्या. समोर कंपनीचे वकील. साहेब त्यांच्या शेजारी, हसू तसंच.

अध्यक्षबाईंनी फाइल उघडली. "ग्राहक प्रतिनिधींची सही दिसत नाही. इथं दोनदा 'दार बंद' असं लिहिलंय. हे काय आहे?"

वकील उठले. आवाज मधाळ, आरोप त्याहून मधाळ. "अध्यक्ष महोदया, प्रतिनिधी बाई आमच्याच माजी कर्मचारी आहेत. एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा. त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्यांनी आयुष्यभर मीटर वाचले त्यांना हे ठाऊक असायला हवं, की प्रत्येक दार उघडून बघता येत नाही. काही गोष्टी विश्वासावर चालतात. त्यांच्या काळातही चालल्या, आणि काही बिघडलं नाही."

लेकानं विचारलेला प्रश्न तो, वकिलानं त्याचं उत्तरही देऊन टाकलं. बाई उठल्या. बोलायचं होतं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, तो कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. मग त्या तिसऱ्या रांगेकडं वळल्या.

"बिघडलं," त्या म्हणाल्या. "वकीलसाहेब निष्कलंक म्हणाले. ते खोटं आहे. बावीस वर्षांपूर्वी मी एका बंद दुकानाचा मीटर तीन महिने न बघता 'पाहिले' म्हणून लिहिला. नोकरीत बोलणी बसतील म्हणून लिहिला. ते दुकान जळालं. माझी वही दाखवून कंपनीनं हात झटकले, आणि मी तोंड उघडलं नाही. ज्यांचा हात भाजला ते इथं बसलेत. त्यांना हे आत्ता, सगळ्यांबरोबरच कळतंय. भाऊ, तुमचा काही दोष नव्हता. मी मीटर पाहिला नव्हता."

कडकभाऊ आपल्या उजव्या हाताकडं बघत होते.

बाई पुन्हा मंचाकडं वळल्या. "एका माणसाचं दुकान होतं तेव्हा. आता अख्खं गाव आहे, आणि पंचवीस वर्षं आहेत. आमची वीज आधी तोडणार की त्यांची, ते त्या काळ्या पट्ट्याखाली लिहिलंय. मी ते पाहिलेलं नाही. आणि पाहिल्याशिवाय मी 'पाहिला' लिहिणार नाही. माझ्या लेकाची नोकरी गेली तरी नाही."

दाराशी उभे असलेले चिरंजीव खाली बघू लागले.

"बाई, तुमची भावना आम्ही समजतो, पण..." वकिलांनी सुरुवात केली.

"भावना नाही, नियम आहे. तुमचाच." बाईंनी कोटाच्या खिशातून नोटिशींचं एक जुनं पिवळं पडलेलं पॅड काढलं. निवृत्तीच्या दिवशी सगळं सामान परत केलं होतं, हे तेवढं राहून गेलं होतं. "तीन वेळा जाऊनही दार बंद असलं की ग्राहकाच्या दारावर नोटीस लावायची. दोनदा झालं. महोदया, मी तुमच्या देखत तिसऱ्यांदा मागते. साहेब, चौदावं कलम दाखवता?"

साहेबांनी वकिलांकडं पाहिलं. वकिलांनी फाइलवर हात ठेवला. "गोपनीय आहे."

"दार बंद," बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच नोटीस भरली. ग्राहकाचं नाव, वीज कंपनी. पत्ता, तिसरा मजला, करार विभाग. भेटीच्या तारखा तीन. पान फाडलं, मागचा डिंक जुना झाला होता म्हणून जिभेनं ओला केला, आणि वकिलांच्या हाताखालच्या फाइलवर जिथं जागा दिसली तिथं चिकटवलं. पहिल्या रांगेतून कुणीतरी वाकून मोठ्यानं वाचलं, "आपणांस कळविण्यात येते की चोवीस तासांत दार न उघडल्यास..." आणि अख्खं सभागृह हसलं. साहेबांचं हसू तेवढं त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

अध्यक्षबाईंनी पाण्याचा घोट घेतला. नोटीस मागवून वाचली, उलटसुलट बघितली. मग वकिलांना विचारलं, "नियमाचा हेतू काय असावा असं तुम्हाला वाटतं? प्रतिनिधीनं फाइलची उंची आणि जाडी पाहावी असा?"

वकील काहीतरी बोलले. ते आता कुणी ऐकत नव्हतं.

"चोवीस तास कमी होतील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तीन आठवडे देते. दर सोडून करारातला एकेक पट्टा काढा. याच सभागृहात प्रतिनिधी तो उघडा वाचतील, लोकांसमोर. तोवर मंजुरी नाही."

टाळ्या पडल्या, बाकं वाजली. बाईंनी तिसऱ्या रांगेकडं बघितलं तर कडकभाऊंची खुर्ची रिकामी होती.

ते तीन आठवडे बाईंना एकतीस वर्षांपेक्षा लांब गेले. पहिल्याच आठवड्यात त्या कोट घेऊन दुकानात गेल्या. कडकभाऊंनी तो हातात घेतला, घडी केली आणि इस्त्री न करता काउंटरवर परत ठेवला.

"भाऊ, शिव्या तरी द्या."

"बावीस वर्षं मी स्वतःलाच देत होतो," ते म्हणाले. "बायको जाईपर्यंत मला म्हणायची, तुम्हीच काहीतरी चालू ठेवून गेला असाल. मीही हो म्हणायचो. आता कुणाला सांगू?" आणि गिऱ्हाइकाचा शर्ट ओढून घेतला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. भाऊंचा पीळ जावा असं बाईंनाही वाटत नव्हतं. तो त्यांच्या हक्काचा होता. त्या चुरगळलेला कोट घेऊन घरी आल्या आणि तसाच खुंटीला लावला. घरात इस्त्री होती. तिला हात लावला नाही.

दुसऱ्या आठवड्यात चिरंजीव दुपारीच घरी आले. "कार्ड आतल्या दाराला लागत नाही माझं. फाटकापर्यंतच चालतं. सांगतात, यंत्रणेत बिघाड आहे."

"दुरुस्ती चालू असेल," बाई म्हणाल्या.

मुलगा चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तो ओट्याला टेकून उभा राहिला, आणि हसला. कडवट का होईना, हसला. "आई, तिथं दोन वर्षं काम केलं मी. दुपारी एक वाजता आमच्या मशिनांचा जोर वाढवायचा हुकूम रोज असायचा. एक वाजताच का, ते मी कधी विचारलं नाही. कार्डानं दारं उघडत होती ना." मग कपाटातून त्यानं टॉर्चसाठी नवे सेल काढून टेबलावर ठेवले. "मलाही बघायचंय काय लिहिलंय ते."

एकविसाव्या दिवशी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. बाई चुरगळलेल्या कोटात आल्या. नोकरीत असताना पावसापाण्यातसुद्धा त्यांचा कोट कुणी असा पाहिला नव्हता, आणि बघणाऱ्यांनी तो पाहिला. करार टेबलावर होता. काळे पट्टे निघाले होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण झाकणाऱ्यांनी शेवटपर्यंत टोपली दाबून धरली होती. वाचन अकराला होतं, करार हाती आला तो सकाळी दहा पन्नासला.

बाईंनी चष्मा लावला. अक्षर बारीक होतं. त्यांनी टॉर्च काढला. तेवढ्यात शेजारची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कडकभाऊ होते. त्यांनी बाईंच्या कोटाकडं एकदा बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"माझा राग गेलेला नाही," ते हळू म्हणाले.

"जायला नकोच."

"बरं. वाचा मग. मोठ्यानं वाचा, मागं ऐकू जात नाही."

बाईंनी चौदावं कलम वाचलं. तुटवड्याच्या काळात सर्वप्रथम जुन्या वस्तीच्या वाहिन्या क्रमांक चार, सात आणि नऊ बंद करण्यात येतील. त्यानंतर बाजारपेठ. त्यानंतर शाळा आणि दवाखाना. डेटा सेंटरचा पुरवठा कोणत्याही परिस्थितीत कमी करण्यात येणार नाही. हा क्रम पंचवीस वर्षे बदलता येणार नाही.

वाहिनी क्रमांक चार म्हणजे त्यांची गल्ली. सभागृहात आधी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, मग आलं, आणि मागून पुढं असा आवाज उठला की अध्यक्षबाईंना टेबल वाजवावं लागलं. साहेब आपल्या बुटांकडं बघत होते.

"परत वाचा," कडकभाऊ म्हणाले.

बाईंनी परत वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश. मग सहीचं पान पुढं ओढलं. दोनदा 'दार बंद' लिहिलेल्या रकान्याशेजारची चौकट अजून कोरी होती. वकील पुढं वाकले. आता ही बाई सही करणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

बाईंनी तारीख घातली, घड्याळात बघून वेळ घातली, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पाहिला'. बावीस वर्षांपूर्वी हाच शब्द त्यांनी एका शटरबाहेर उभं राहून लिहिला होता. त्याखाली त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले, 'मान्य नाही', आणि सही केली. पान त्यांनी अध्यक्षबाईंकडं नेण्याआधी कडकभाऊंपुढं सरकवलं.

कडकभाऊंनी ते चष्म्याशिवाय, लांब धरून वाचलं. मग भाजलेल्या हातानं खिशातून पेन काढलं आणि बाईंच्या सहीखाली, वाकत नसलेल्या बोटांनी, साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं.